दादाच्या गाडीचे पट्टे

भाद्रपद उतरणीला लागला की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणारे बहुतेक पुरुष असतात, चाळिशीच्या पुढचे. गिरगावातल्या आमच्या वाडीच्या आवारात उभ्या असलेल्या जुन्या पद्मिनी गाडीभोवती ते एक फेरी मारतात, काचेला कपाळ टेकवून आत डोकावतात आणि म्हणतात, "अरे वा, हिला बेल्ट? नंतर लावून घेतले का? सोपं असेल ना?" मी मान हलवतो. ती मान हो म्हणते की नाही, ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

सोपं नव्हतं. बाजारात तयार मिळणारे दोन पट्टे आणि मूठभर बोल्ट, एवढंच ते काम. त्याला आम्हाला गणपतीपासून दसरा उजाडला. तेवढ्या दिवसांत मी पुतण्याशी भांडलो, एका मेस्त्रीसमोर तोंडघशी पडलो आणि वहिनी माझ्याशी दीड दिवस बोलल्या नाहीत. गेलेल्या माणसावर रागावता येतं, आणि तो राग कुठेच उतरवता येत नाही, हेही मला तेव्हाच कळलं.

परवा दादरच्या फूलबाजारातून चालत येत होतो. झेंडूच्या गोण्या उतरत होत्या. सांडलेली फुलं पायांखाली चिरडत होती आणि त्यांचा तो कडसर, हिरवट वास पुलाखाली कोंडून राहिला होता. त्या वासाने लोकांना दसरा आठवत असेल. मला तापलेलं लोखंड आठवतं. वेल्डिंगची ठिणगी विझल्यावर हवेत जो करपट, दातांना झोंबणारा वास राहतो, तो. माझ्या नाकात हे दोन वास आता कायमचे एकमेकांना चिकटले आहेत. चिकटवणं हा तसा माझा धंदाच होता. दादरच्याच एका ग्रंथालयात मी तीस वर्षं सुटलेल्या पुस्तकांच्या पाठी चिकटवल्या. पण खळ लावून बसवलेली गोष्ट पुन्हा सोडवताही येते. याचं तसं नाही.

दादा त्या वर्षी होळीनंतर पंधरा दिवसांनी गेला. सकाळी, दाढी करता करता. तो माझा मोठा भाऊ. माझगावच्या गोदीत त्याने जहाजांचे नकाशे काढले, आणि उरलेल्या आयुष्यात ही गाडी सांभाळली. सायीच्या रंगाची गाडी, आत मरून रेक्झिन. रविवारी सकाळी तो एक बादली पाणी घेऊन खाली उतरायचा. नळी वापरायची नाही, पाण्याचा जोर रंगाला सोसत नाही, असं त्याचं म्हणणं. वडिलांच्या जुन्या धोतराच्या तुकड्याने तो तिचा बंपर पुसायचा आणि त्यात स्वतःचा चेहरा दिसला की वर यायचा. पट्ट्यांचा विषय कुणी काढला तर म्हणायचा, "गाडी आहे की विमान?" ज्या गाडीला कारखान्यातूनच पट्टे आले नाहीत, तिला ते लावायची सक्ती नाही, हेही तो प्रत्येकाला ऐकवायचा. जणू कायद्याने सूट दिली म्हणजे भिंतीनेही दिली.

तो गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो. वहिनी आणि मी. मी लग्न केलं नाही, आणि त्यांचा मुलगा, अमेय, बरीच वर्षं परदेशात आहे. पंधराव्या दिवसापासून वहिनी रोज सकाळी साडेसातला खाली जाऊन गाडी चालू करू लागल्या. चालवायची नाही, नुसती चालू करायची. दहा मिनिटं इंजिन फिरवून त्या वर यायच्या आणि पोह्यांना फोडणी द्यायच्या. बॅटरी उतरू नये म्हणून, असं त्यांनी सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

मग एके दिवशी, जेवताना:

"भाऊजी, मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलंय."

"कुणाचं?"

"माझं. तुमचं घालून काय करू? तुम्ही रस्त्याने चालतानासुद्धा वाचता."

साठी ओलांडलेली, पोस्टातून निवृत्त झालेली, खुर्चीवर बसली की जिचे पाय जमिनीला जेमतेम टेकतात अशी ही बाई शिवाजी पार्कच्या भोवती शाळेची छोटी नवी गाडी फिरवायला शिकली. श्रावणात परीक्षा पास झाली. घरी येऊन तिने लायसन्सचा कागद दादाच्या फोटोपुढे ठेवला नाही, फ्रिजवर चुंबकाने लावला. मला ते आवडलं.

त्याच आठवड्यात वाडीच्या कमिटीने फळ्यावर नोटीस लावली. पुनर्विकासाचं माप घ्यायला माणसं येणार, तेव्हा आवारातली बंद आणि वापरात नसलेली वाहनं दसऱ्यापर्यंत हलवावीत. आवारात अशी गाडी एकच होती. नावानिशी लिहिलं असतं तर निदान मान तरी मिळाला असता.

अमेयचा फोन आला. त्याने परदेशात बसून गिऱ्हाईकही शोधलं होतं. "काका, पुण्यात एक जण जुन्या गाड्या जमवतो. आपल्या गाडीचा फोटो बघून वेडा झालाय. फक्त एकच अट आहे, सगळं ओरिजिनल पाहिजे. कुठे काही कापलेलं, जोडलेलं नको." म्हणजे दोन वाटा होत्या. दसऱ्यापर्यंत गाडी पुण्याला जाईल, नाहीतर वहिनी ती आवाराबाहेर काढून चालवून दाखवतील. वहिनींचं ठरलं होतं. अडलं ते माझ्यामुळे.

मी म्हणालो, "पट्टे लावल्याशिवाय मी तुम्हाला ही गाडी चालवू देणार नाही."

"चालवू देणार नाही म्हणजे? किल्ली माझ्याकडे आहे."

एवढं स्पष्ट वाक्य मी त्या घरात पूर्वी कधी बोललो नसेन. पण मी वाचलं होतं. मी नेहमी आधी वाचतो. त्या काळच्या गाडीचा डॅशबोर्ड लोखंडी असतो, स्टेअरिंगचा दांडा सरळ छातीच्या रोखाने येतो, आणि धक्का बसला की माणूस गाडीच्या वेगाने पुढे जातो, त्याला थांबवायला काही नसतं. मला आकडे पाठ नव्हते, पण चित्र दिसत होतं. एकदा डोळ्यांपुढे आलेलं चित्र मला बंद करता येत नाही. त्या घरात जेवणाची दोनच ताटं उरली होती. एकच उरलं असतं तर ते मांडायचं कशाला, असं काहीतरी मला त्यांना सांगायचं होतं. मी स्टेअरिंगच्या दांड्याबद्दल बोललो.

वहिनींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "लावा. शाळेच्या गाडीत मला सवय झालीय. पट्ट्याशिवाय उघडंउघडं वाटतं."

इथे खरं तर लेख संपायला हवा होता. मी बाजारातून पट्टे आणले आणि दादाच्या नेहमीच्या मेस्त्रीला फोन लावला. बाबल मेस्त्रींची कॉटन ग्रीनला गोदामांच्या मागे पत्र्याची शेड आहे. पलीकडून आरतीचा आवाज आला. ते गावी होते.

"गणपतीक इलंय. अनंत चतुर्दशी झाली की येतंय."

"मेस्त्री, दोन बोल्टांचं काम आहे."

"मग दोन बोल्ट थांबतत की वो."

दुसरा कुणी बघावा म्हणून मी परळ, लालबाग फिरलो. ज्याच्याकडे हत्यारं होती तो गावी गेला होता, आणि जो गेला नव्हता तो मंडपात होता. शेवटी एका बंद शटरपुढे मी पंधरा मिनिटं नुसता उभा राहिलो. रस्त्याला मंडपाच्या बांबूंसाठी भोकं पाडलेली होती, फूटफूट खोल. सगळ्या गिरणगावाच्या रस्त्यांना दर वर्षी अशी भोकं पडतात आणि कुणाचं काही अडत नाही. मला गाडीच्या दाराजवळच्या एका लोखंडी खांबात अंगठ्याएवढं भोक हवं होतं.

मेस्त्री आले ते अनंत चतुर्दशीनंतर, आणि आले की स्वतः येऊन गाडी चालवत शेडवर घेऊन गेले. मी दुसऱ्या दिवशी छापील पानांची चळत घेऊन मागोमाग गेलो. पट्टा किती मजबूत आहे याला अर्थ नाही, तो ज्या पत्र्याला बांधला आहे तो पत्रा किती मजबूत आहे, ते महत्त्वाचं. खांब पोकळ असेल तर आतून पोलादी पट्टी हवी. जमिनीला खालून जाड चकती हवी. मी हे सगळं खुणा करून आणलं होतं. मेस्त्रींनी पानं आदराने घेतली, सारखी केली आणि त्यांवर चहाचा ग्लास ठेवला.

"काम करू. पण आता नाय."

"आता काय आहे?"

"पितरां चालू झाली ना. पंधरवडो संपू दे. बघूक हरकत नाय, कापूचा नाय."

मी त्यांना समजावू लागलो. ही काही सोन्याची खरेदी नाही, लग्न नाही, ही सुरक्षेची गोष्ट आहे, आणि सुरक्षेला मुहूर्त नसतो. मेस्त्री हात पुसत ऐकत राहिले. मग म्हणाले, "साहेब, ह्या पंधरवड्यात तुमच्याकडे दादांच्या नावाचा पान मांडतले ना?"

"मांडतील."

"तकडे त्येंका जेवूक बोलवायचा, आणि हकडे मी त्येंच्या गाडयेक ड्रिल लावायचा. बरा दिसात?"

मी घरी येऊन वहिनींकडे तक्रार केली. वहिनी विज्ञानाच्या पदवीधर आहेत. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. थांबा पंधरा दिवस."

भरणीच्या दिवशी गुरुजी आले. केळीच्या पानावर खीर, वडे, आमसुलाची चटणी. गच्चीवर कावळा आला, कठड्यावर बसला, आणि पान सोडून शेजारच्यांच्या डिशच्या तारेला चोच मारत राहिला. वहिनी हात जोडून म्हणाल्या, "गाडीची काळजी घेऊ." तरी येईना. मग त्या जरा वैतागून म्हणाल्या, "पट्टे पण लावतोय. तुम्हाला आवडो की न आवडो." कावळा आला आणि वडा घेऊन गेला. मी या गोष्टी मानत नाही. पण दादा आयुष्यभर असाच वागला. हो म्हणायचा नाही, वडा उचलायचा.

बघायला पितरांची हरकत नव्हती, म्हणून त्या पंधरवड्यात मेस्त्रींनी गाडी बघितली. मी शेडमध्ये एका ड्रमवर बसायचो. बाहेर ऊन तापू लागलेलं, गोदामांच्या पत्र्यावरून ते परतून अंगावर यायचं. मेस्त्रींनी सीट काढली, खालची रबरी मॅट उचलली, आणि मला हाताने बोलावलं.

डाव्या बाजूला, जिथे शेजारी बसणाऱ्याचे पाय येतात, तिथे जमिनीवर दुसरा एक पत्रा बसवलेला होता. तेलाच्या डब्याचा, सपाट केलेला. चारी कडा अंगठ्याने घडी घातल्यासारख्या सरळ, कोपरे गोल कापलेले, सारख्या अंतरावर रिव्हेट आणि वर गाडीच्याच रंगाचा हात. नकाशे काढणाऱ्या माणसाचं काम. मला ते हस्ताक्षर ओळखता आलं.

"सुबक केल्यानी हां," मेस्त्री म्हणाले. मग त्यांनी पेचकस घातला आणि तो पत्रा उचकटला. खाली जमीन नव्हती. गंजाची कडा असलेलं एक भगदाड होतं, आणि त्यातून शेडची फरशी दिसत होती, तिच्यावर सांडलेल्या ऑइलचा डाग, एक वाकडा खिळा. "पण उपयोग शून्य. ह्याच्यावर बेल्ट लावला असता तर बेल्टाबरोबर जमीन पण गेली असती."

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माका बोनेट उघडूक द्यायचे. मॅटीक हात लावूक द्यायचे नाय."

मी ड्रमवर परत जाऊन बसलो. माझ्या हातापायांत राग आला होता. रविवारची ती बादली, तो धोतराचा तुकडा, बंपरमध्ये दिसणारा चेहरा. आणि खाली हे. हा माणूस सगळ्यांना सांगत फिरायचा की गाडी अशी ठेवावी. छातीत दुखायचं तेव्हाही तो पित्ताची गोळी घेऊन वर्तमानपत्र उघडायचा, आणि आम्हाला त्याच्या तोंडावरचा रंग ठीक दिसायचा. मला त्याला विचारायचं होतं, निदान मला का नाही सांगितलंस. मी काही गाडी दुरुस्त केली नसती. पण मी वाचून काढलं असतं.

घरी वहिनींना सांगायला मला जेवण होईपर्यंत धीर झाला नाही. सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ ताटातल्या मिठावर बोट फिरवत राहिल्या.

"पावसाळ्यात माझे पाय ओले व्हायचे," त्या म्हणाल्या. "हे म्हणायचे, दारातून येतंय. मी दार घट्ट ओढायचे. दर पावसात. इतकी वर्षं मी दार ओढत होते, भाऊजी."

मग त्या उठून भांडी घासायला गेल्या. त्या दिवशी भांड्यांचा आवाज फार झाला.

सर्वपित्री अमावास्येला अमेयचा फोन आला. मी पट्ट्यांबद्दल त्याच्याशी बोललो होतो, ती माझी चूक. "काका, भोक पाडू नका, प्लीज. तो माणूस लगेच मागे हटेल. एकदा कापलं की ती गाडी ओरिजिनल राहत नाही. आईला उबर करून द्या ना. या वयात तिला मुंबईत गाडी चालवायला तुम्ही प्रोत्साहन कसलं देताय?"

"मी प्रोत्साहन देत नाही, पट्टा देतोय," मी म्हणालो. आवाज चढला. त्याचाही चढला. वहिनींनी माझ्या हातातून फोन घेतला.

"हे बघ अमेय, तुझ्या बाबांची छाती उघडून परत शिवली होती, आठवतं? वीतभर टाका होता. तेव्हा मी म्हटलं नाही, ओरिजिनल राहिले नाहीत, घेऊन जा. त्यानंतर मी नऊ वर्षं संसार केला. बाकी तुझं कसं चाललंय, जेवतोस ना?"

तेवढ्यावर विषय संपला. पुण्याचं गिऱ्हाईक त्याच आठवड्यात मागे हटलं, आणि दसऱ्यापर्यंत गाडी वाडीत परत चालत येणं एवढा एकच मार्ग उरला.

घटस्थापनेला काम सुरू झालं. शेडला नवं रूप आलं होतं, म्हणजे मेस्त्रींनी झाडून घेतलं होतं. नवीन पत्रा कापला गेला, जमिनीला जोडला गेला. मी काळी काच डोळ्यांपुढे धरून ती निळी ठिणगी बघायचो आणि घरी आल्यावर भिंतीवरही तीच दिसत राहायची. सगळं रीतसर चाललं होतं. रीतसर चाललेलं असताना मला सावध राहायला हवं होतं.

तिसऱ्या माळेला खांबात भोक कुठे पाडायचं त्याचं माप घ्यायचं होतं. पट्टा खांद्यावरून यावा, मानेवरून नाही, छातीच्या मध्यातून कमरेला जावा. त्यासाठी चालवणारा माणूस जागेवर बसलेला पाहिजे. मेस्त्री सुतळी आणि खडू घेऊन आले आणि उजवं दार उघडून म्हणाले, "बसा साहेब."

मी बसलो.

मला यावर पुष्कळ विचार करायला वेळ मिळाला आहे, आणि तरी मला याहून नीट सांगता येत नाही. ते बसा म्हणाले आणि मी बसलो. त्या जागेवर मी आयुष्यात पहिल्यांदा बसत होतो. रेक्झिनला दादाच्या अंगाचा खळगा पडलेला होता आणि मी त्यात उतरलो. स्टेअरिंगचं चाक माझ्या कल्पनेपेक्षा बारीक निघालं, डाव्या बाजूला त्याचा काळा रंग झिजून गुळगुळीत झालेला. काचेतून बोनेटचं उतरतं टोक दिसत होतं, त्याच्या पलीकडे शेडचं दार, उन्हाची एक पट्टी. म्हणजे हे दिसायचं त्याला. मी दोन्ही हात चाकावर ठेवले. माझे हात त्याच्यासारखे आहेत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मेस्त्रींनी सुतळी माझ्या खांद्यावरून कमरेला ओढली. "सरळ बसा. पाय पोचतत?"

"हो," मी म्हणालो. पाय पोचत होते. उत्तर खरं होतं.

त्यांनी खांबावर खडूने फुली मारली. मी उतरलो, पाणी प्यायलो, ड्रमवर बसलो आणि ड्रिलचा आवाज ऐकत राहिलो. गाडी कोण चालवणार ते त्यांनी विचारलं नाही. शेडमध्ये रोज येऊन बसणारा पुरुष मी, चळत आणणारा मी. वहिनींनी वाडीत किल्ली हातात दिली तेव्हा त्यांच्याशीही मेस्त्री "साहेबांक विचारतंय" एवढंच बोलले होते. त्यांच्या हिशेबात बाई डावीकडे बसते. आणि मी, जो दुसऱ्याच्या लेखातला स्वल्पविराम दुरुस्त केल्याशिवाय झोपत नाही, मी काही बोललो नाही.

अष्टमीला वहिनी काम बघायला आल्या. पट्टे लागले होते, काळे, कोरे, त्या जुन्या मरून सीटवर जरा परक्यासारखे. त्यांनी नवीन जमिनीवर पाय आपटून पाहिला आणि मान डोलावली. मग उजवं दार उघडून त्या आत बसल्या, सीट पुढे ओढली, पट्टा लावला. तो त्यांच्या गळ्यावरून गेला.

"मेस्त्री, हा मला फाशी देणार."

"तुम्ही हकडे कशाक बसलात वहिनी? तुमची बाजू तकडे."

"गाडी मी चालवणार आहे."

मेस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. "मग साहेब? माप तर साहेबांनी दिल्यानी."

वहिनींनी पट्टा गळ्यापासून दोन बोटांनी लांब धरला आणि काचेतून माझ्याकडे बघितलं. "भाऊजी, तुम्हाला सायकलसुद्धा येत नाही."

"नाही," मी म्हणालो.

"मग इथे बसून तुम्ही कसलं माप दिलंत?"

मेस्त्री खांबाजवळ गेले, भोकावर अंगठा ठेवून उभे राहिले. त्यांना माझी दया आली असावी, ती मला जास्त लागली. "आजच करूक होया," ते म्हणाले. "उद्या खंडेनवमी. उद्या हत्यारा पूजेक बसतली, पानो पण हातात घेवचंय नाय. परवा दसरो. तुमका परवाच गाडी होयी ना?"

मग सुतळी आणि खडू परत आले. या वेळी वहिनी बसल्या, ताठ, पाठीशी उशी घेऊन, आणि मेस्त्री त्यांना विचारत होते, "पाय पोचतत? आरसो दिसता? मान वळवून बघा." एकेक गोष्ट विचारत होते, आणि वहिनी एकेकाचं उत्तर देत होत्या. मला उगीच आठवलं की त्या महिन्याभरात मीही त्यांना यातलं काही विचारलं नव्हतं. मी पट्टे मागितले होते. त्यांची उंची विचारली नव्हती.

दुसरं भोक पहिल्याच्या चार बोटं खाली पडलं. पहिलं मेस्त्रींनी रबराच्या काळ्या बुचाने बंद केलं. काचेला कपाळ टेकवणाऱ्यांपैकी जे जरा जास्त जाणकार असतात, ते त्या बुचाकडे बोट दाखवून विचारतात, हे काय. मी मान हलवतो.

घरी येताना बसमध्ये वहिनी खिडकीकडे तोंड करून बसल्या. नवमीला आमच्यात "चहा झालाय" आणि "गॅसवाला आला होता" एवढंच झालं. आमच्याकडे ते वर्ष दुखवट्याचं, सण नव्हता. समोरच्या खोल्यांना तोरणं लागत होती, आपट्याच्या पानांच्या जुड्या दारांत पडत होत्या, आणि आमचं दार तेवढं कोरं.

दसऱ्याच्या सकाळी त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि बसून राहिल्या.

"काय दिसलं तिथून?" त्यांनी विचारलं.

मला आधी कळलं नाही. मग कळलं. "दादाला दिसायचं ते," मी म्हणालो.

"मग तसं सांगायचं. मी काय ओरडले असते?" त्यांनी कपाची कड पुसली. "मी पाच महिने रोज सकाळी दहा मिनिटं तेच बघत होते. बॅटरीला दोन मिनिटं पुरतात."

आम्ही कॉटन ग्रीनला गेलो तेव्हा शेडमध्ये पाने, हातोडे, ड्रिल सगळं एका लाल कापडावर ओळीने मांडलेलं होतं, आदल्या दिवशीचं हळदकुंकू लावलेलं. आणि आमच्या गाडीच्या बोनेटवर एक झेंडूचं फूल होतं. मी काही बोलायच्या आत मेस्त्री म्हणाले, "तुमच्याकडे यंदा सण नाय, माका म्हायत आसा. पण शेड माझी. माझ्या शेडात असलेल्या सगळ्यांक फूल लागता." वहिनींनी ते फूल काढलं नाही. त्या उजवीकडे जाऊन बसल्या, आरसा सारखा केला आणि पट्टा लावला. तो खांद्यावरून आला.

मी मागचं दार उघडलं. त्या गाडीत माझी जागा तीच. पुढे ते दोघं, मागे मी आणि माझं पुस्तक.

"मागे कुठे?" वहिनी आरशातून म्हणाल्या. "मागे पट्टा नाही."

"मला चालतं मागे. इथून वाडीपर्यंत तर जायचंय."

"मला चालत नाही. महिनाभर माझं डोकं खाल्लंत. पुढे या."

मी पुढे जाऊन बसलो, डावीकडे. पायांखालचा पत्रा नवा होता, टणक. पट्टा ओढला, पण त्याच्या टोकाची लोखंडी जीभ कुठे घालायची ते मला सापडेना. सीटच्या फटीत हात घालून मी चाचपडत होतो तेवढ्यात वहिनींनी गाडी सोडली, ती एक हिसका देऊन बंद पडली, आणि माझं पुस्तक मांडीवरून उडून डॅशबोर्डवर आपटलं. मेस्त्री शेडच्या दारात उभे राहून मुद्दाम दुसरीकडे बघत होते.

वहिनींनी हात आडवा घालून माझ्या हातातली जीभ घेतली, बरोबर जागी घातली, आणि शाळेत शिकवतात तसा पट्टा दोनदा ओढून बघितला.

"घट्ट बसला?"

"हो."

"श्वास घेता येतोय?"

"येतोय."

"मग घ्या," वहिनी म्हणाल्या, आणि किल्ली पुन्हा फिरवली.